कोसारटोल्याखालचे चार खांब

घुग्घुस
१२ फेब्रुवारी १९८६

श्रावणभाऊ,
सप्रेम जयभीम.

वरोरा बसच्या कंडक्टरजवळ तुम्ही निरोप दिलात की काय झालं ते नीट लिहून कळव. क्रमाने लिहिते.

१. रविवारी सकाळी मी कोसारटोल्याला आले. तुम्ही वीटभट्टीवर होतात. मावशीला सांगितलं की टोल्याखालच्या जुन्या कोळसा खाणीचे फोटो काढायचे आहेत. तिने चहा दिला. मनाई केली नाही.

२. बरोबर बिरजू होते. आमच्या खाणीत माइनिंग सरदार होते, छत आणि वायू तपासायचं काम; आता निवृत्त आहेत.

३. नाल्याच्या बाजूला जो उतरता बोगदा आहे त्यातून आत गेलो. बिरजूंनी सेफ्टी लॅम्प पुढे धरला होता. वायूची खूण कुठे दिसली नाही, म्हणून फ्लॅश वापरला.

४. आत छत धरायला कोळशाचे खांब सोडलेले आहेत. टेप आणि होकायंत्राने मोजत गेले. मोजमाप आणि फोटो पुढे जुळावेत म्हणून चार खांबांवर चुन्याने फुली मारून आकडे घातले.

५. चौथ्या खांबापलीकडे लॅम्पची ज्योत बारीक झाली, म्हणजे हवा कमी. तिथून परत फिरलो.

६. बाहेर येताना माझा पाय घसरला आणि गुडघा फुटला. मावशीने हळद लावली. ‘बाई खाणीत गाडली गेली’ असं तुमच्यापर्यंत जे आलं, ते एवढंच.

कशाला गेलीस, असंही तुम्ही विचारलंत. मी ऑफिसात खाणींचे नकाशे ट्रेस करते. तीन वर्षं झाली. बायकांना खाणीत उतरायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे ज्या बोगद्यांच्या रेघा मी काढते त्यांतला एकही मी पाहिलेला नव्हता. कायदा यायच्या आधी आपली आजी याच खाणीत डोक्यावर कोळसा वाहायची. आता तिथे मॅनेजर नाही, हजेरी नाही, अडवायला कोणी नाही. म्हणून गेले. मात्र ऑफिसात हे कळलेलं नाही. कळलं तर नोकरीवर येईल. तुम्हीही कुठे बोलू नका.

एक विचारायचं आहे. दुसऱ्या खांबाजवळ बांबूची टोपली पडली होती. बांबू अजून हिरवट होता. तिथे कोणी जातं का?

मित्रा


कोसारटोला
२१ फेब्रुवारी

मित्रा,
जयभीम. पत्र भेटलं. तू त पंचनामाच लिहून पाठवला. आईले वाचून दाखवला त म्हणते, “सहा नंबर झाले. सातवा लगनाचा टाक म्हणा, म्हणजे बिळात घुसाचं बंद होईन.”

गुडघा कसा आहे? आपले लोकं इथी तुह्यावर जाम खूश आहे. मुखरू विचारत होता, “श्रावणभाऊ, तुमची बहीण खाणीची साहेब झाली का?” मी म्हटलं, झाली. आता नाई म्हणून तुही इज्जत कायले कमी करू? खानदानात पह्यली पोरगी पॉलिटेक्निक शिकली, तेवढं त मले बोलू दे.

टोपलीचं म्हणशीन त ती ढोरक्याची असन. ढोरं नाल्यावर बसवते अन् स्वतः सावलीले आत जाऊन बिडी पेटवते. बाकी कोणी जात नाई. अस्वल राहते म्हणते तिथी. तूही आता जाऊ नको.

एक सांग. ते जे चार खांब तू चुना लावून ठेवले, ते चांगले का खराब? लोकं विचारून राह्यले. आपलं घर वरतंच आहे, म्हणून मीही विचारतो.

भट्टीचं जोरात सुरू आहे. औंदा गुणवंतरावासंग अर्धी भागी आहे माही. वरोऱ्याच्या दोन ठेकेदाराइले पावसाच्या आधी वीट द्याची आहे. हात रिकामे नाई.

श्रावण


घुग्घुस
५ मार्च

श्रावणभाऊ,
सप्रेम जयभीम.

तुम्हाला घराची काळजी वाटली हे बरं झालं. जे वर राहतात त्यांनीच विचारावं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: चारही खांब चांगले आहेत. म्हणूनच मी त्यांच्यापासून मोजमाप धरलं. आसपासचे बाकीचे खांब बारीक आहेत, काही तडकलेत. वरचा मुरूम, विहीर, मावशीचं घर आणि शेजारची पाच घरं, हा सगळा भार मुख्यतः या चौघांवर आहे.

आता फोटोंविषयी. चंद्रपूरच्या स्टुडिओतून प्रिंट आल्या. अकरावा फोटो दुसऱ्या खांबाचा आहे, एक प्रिंट सोबत पाठवते. खालचा डावा कोपरा पाहा. उघड्यावर पन्नास वर्षं राहिलेला कोळसा मळकट होतो, त्याचे पापुद्रे सुटतात. ताजा तोडलेला चमकतो. हाताच्या दिव्याने मला तिथे फरक दिसला नव्हता, फ्लॅशमध्ये दिसतो. तो कोपरा या हिवाळ्यात कोणीतरी तोडलेला आहे. सावलीला बसलेला ढोरकी कोळसा तोडत नाही.

अजून फार गेलेलं नाही. पण थांबायला हवं. टोल्यावर तुमचं ऐकतात, तुम्ही सांगा.

फोटो मी ऑफिसात नेत नाही. घरी आले की ट्रंकेतून काढते, पाहते, परत ठेवते, पुन्हा काढते. बोगद्याच्या रेघा काढताना आता हात थांबतो. ही रेघ म्हणजे केवढा अंधार ते आता माहीत आहे. मला तिथे पुन्हा जायचं आहे. कशासाठी, ते मी अजून ठरवलेलं नाही.

मित्रा


कोसारटोला
२७ मार्च

मित्रा,
जयभीम. उत्तराले उशीर झाला. भट्टी रचून राह्यलो आहे, डोकं खाजवाले वेळ नाई.

फोटो पाहिला. चमक पाण्याची असन. आत झिरपा आहे, तुले माहीतच आहे. आईले दाखवला त तिनं उलटा धरला अन् म्हणाली, “चांगला आला.”

खांब मजबूत आहे वाचून जिवाले बरं वाटलं. मुखरूले अन् बाकीच्याइलेही सांगून देलं, बाईनं स्वतः लिहिलं का चारी मजबूत आहे. लोकाइची धास्ती गेली.

१४ एप्रिलले जयंती आहे. औंदा बॅन्ड सांगितला वरोऱ्याचा. तू ये. कॅमेरा आण, मिरवणुकीचे फोटो काढ. खाणीत काय ठेवलं, कपडे खराब होते. आई तुह्यासाठी मोहाचे फूल वाळवून राह्यली.

श्रावण


घुग्घुस
१७ एप्रिल

श्रावणभाऊ,
सप्रेम जयभीम.

जयंतीला तुम्ही मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन पुढे होतात. दोनदा माझ्यासमोरून गेलात आणि दोन्ही वेळा बॅन्डवाल्याकडे पाहिलंत. त्यामुळे जे तोंडी बोलायचं होतं ते लिहिते.

मी आदल्या दिवशीच आले होते, बिरजूंना घेऊन. मावशीने तुम्हाला सांगितलं असेल.

दुसरा खांब फेब्रुवारीत अरुंद बाजूने चार मीटर होता. आता अडीच आहे. तिसरा त्याहून वाईट. पहिला आणि चौथा चारही कोपऱ्यांनी खाल्लेले. बिरजूंनी काठीने छत ठोकून पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, यहां खडे मत रहो.” मी तीन फोटो घेतले आणि निघालो.

मला एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. चुन्याची फुली असलेले चारच खांब तोडले होते. शेजारचे, हाताला सहज येणारे, तसेच होते. कोणीतरी निवडून, नेमके तेच.

बोगद्याबाहेर मुखरू भेटला. लपला नाही. टोपली डोक्यावर होती ती उतरवून त्याने रामराम केला. मी विचारलं, “मुखरूभाऊ, हे चारच काऊन तोडले?”

“तुमीच त मार्का मारला, बाई.”

“मी?”

“फुली अन् नंबर. कूपात फॉरेस्टचे साहेब मार्का मारते, तेच झाड पाडतो आमी. बिनमार्क्याचं पाडलं त केस होते. इथी आमी आधी भीत भीत कोपऱ्यातलं थोडंसं उचलत होतो. तुमी आल्या, नंबर टाकून गेल्या. श्रावणभाऊ म्हणे, माही बहीण खाणीची साहेब आहे. मंग काय, परमिट झालं.”

मी त्याला म्हटलं की ते खांब राखायचे होते. तो म्हणाला, “राखाचे होते त मंग मार्का कायले मारला?”

आमच्या कामात खूण म्हणजे इथून मोजा. जंगलतोडीच्या कूपावर हिवाळे काढलेल्या माणसाच्या लेखी खूण म्हणजे इथून तोडा. हे मला तिथे जाण्याआधी सुचायला हवं होतं. मुखरू मात्र मलाच धीर देत होता. “चांगलंच झालं बाई, तुमी दाखवले ते. नाईत आमी चुकीचेच तोडले असते.”

मावशीच्या घरी गेले तर स्वयंपाकघराचं दार लागेना. तिने खांद्याने ढकललं.

“चौकट फुगली वाटते,” ती म्हणाली.

“मावशी, चैतात लाकूड फुगत नाई.”

“त मंग तूच सांग काय झालं.”

मी सांगितलं. भिंतीतली रेघही दाखवली, चुलीपासून आढ्यापर्यंत गेलेली. ती पदराने रेघ पुसायला लागली. मग पाठमोरी राहूनच तिने विचारलं, “श्रावण्याले माहीत आहे?” मी म्हटलं, त्याले विचारते.

म्हणून विचारते. मुखरूच्या टोपल्यांतला कोळसा तुमच्या भट्टीवर जातो का? हो किंवा नाही लिहा.

उत्तर काहीही असो, दोन गोष्टी आधी करा. तोडणं आजपासून बंद. आणि पावसाआधी सहाही घरं शाळेत हलवा. शाळेच्या खाली कोळसा नाही, तिथली जमीन भरीव आहे. हे मी मोजून सांगते आहे.

मित्रा


कोसारटोला
३ मे

मित्रा,
जयभीम.

हो. जाते. मागच्या सालापासून जाते. आधी थोडा जात होता, औंदा भागी घेतली तवापासून जास्त जाते. लाकूड जंगलातून आणावं त फॉरेस्टवाले धरते, कोळसा विकत घ्यावा त भट्टीच उभी राहत नाई. पायाखाली पडून आहे, तो घेतला. यात मले चोरी नाई वाटली.

अन् तू काय लिहिलं होतं? चारी मजबूत आहे. मजबूत माणसाच्याच डोक्यावर आपण जास्त ओझं देतो का नाई? मी तसंच समजलो. जो मजबूत आहे त्याच्यातलं थोडं काढल्यानं काय होते? आता तू अडीच मीटर लिहिलं त मी दोन रात्री झोपलो नाई. मीही आत जाऊन आलो. पह्यल्यांदाच गेलो, खरं सांगतो. आतापर्यंत मी बाहेरूनच टोपल्या मोजत होतो.

तोडणं बंद केलं. मुखरू नाराज आहे. म्हणते, “बाईनं स्वतः मार्का देला अन् बाईच बंद करते, साहेब लोकाइचं असंच राह्यते.”

घरं हलवाचं मात्र होऊन नाई राह्यलं. आईले म्हटलं त म्हणते, “मित्रानं नंबर टाकले म्हणजे सरकारच्या कागदावर आलं. आता सरकार पाहीन. मी काऊन जाऊ?” बाकीचे पाचही तिच्याकडे पाहून बसले आहे. भट्टी पेटलेली आहे, मधात सोडता येत नाई, सोडली त सारी वीट कच्ची राह्यते. भट्टी उतरू दे, मंग पाहू. पावसाले महिना आहे.

आईजवळ तू बोलली का नागपूरले खाण सुरक्षेच्या हापिसात लिहिशीन म्हणून. नको लिहू. पोलीस पह्यले मुखरूच्या घरी येईन, मंग माह्या. अन् तिसऱ्यानं तुह्या. फोटोत खांब आहे, पण फोटो कोणं काढले ते विचारतीनच ना. खाणीत बाई उतरली म्हणून तुही नोकरी जाईन. तूच पह्यल्या पत्रात लिहिलं होतं कुठी बोलू नका. मी नाई बोललो. धमकी नाई देऊन राह्यलो, भाऊ म्हणून सांगतो.

मोहाचे फूल आईनं ठेवले आहे.

श्रावण


घुग्घुस
१४ मे १९८६

श्रावणभाऊ,
सप्रेम जयभीम.

‘हो’ लिहिलंत, त्याबद्दल आभारी आहे. वळवून लिहिता आलं असतं.

अर्ज मी शुक्रवारी नागपूरला रजिस्टर पोस्टाने पाठवला. सोबत दोन्ही वेळचे फोटो आणि मोजमाप. चुन्याच्या फुल्या मी मारल्या, त्या तोडण्याची खूण समजल्या गेल्या, तेही लिहिलं आहे. मुखरूचं नाव लिहिलं नाही. तुमचंही नाही. विचारलं तर खोटं सांगणार नाही.

एक प्रत आमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी फोटो एक एक करून पाहिले. विचारलं, “हा फ्लॅश कोणी मारला?” मी म्हटलं, मी. त्यांनी फोटो एकावर एक रचून ठेवले. मग म्हणाले, “मिस अलोणे, तुम्हाला हे कोणी सांगितलं होतं?” मी म्हटलं, कोणी नाही. सोमवारपासून मी घरी आहे. चौकशी होईपर्यंत यायचं नाही असा कागद मिळाला. म्हणजे ज्या गोष्टीची तुम्हाला माझ्यासाठी भीती होती ती होऊन गेली. आता ती मध्ये धरू नका.

घरी बसवत नाही. सकाळी उठून ऑफिसच्या वेळेला तयार होते, मग गेटपर्यंत जाऊन येते. पहिली पाळी सुटते तेव्हा मोटरसायकलींची धूळ उडते, ती खाली बसेपर्यंत उभी राहते. पश्चात्ताप नाही. पुढच्या वेळी खूण कशी करायची त्याचा मात्र विचार करते, आणि पुढची वेळ असेल की नाही ते मला माहीत नाही.

आता खरी अडचण. अर्जाने तुमची घरं वाचणार नाहीत. नागपूरहून माणूस यायला, पाहायला, हुकूम निघायला पावसाळा अर्धा सरेल. बिरजूंना मी विचारलं की पाणी मुरलं की किती दिवस. त्यांनी आकडा सांगितला नाही, आणि ते आकडा सांगत नाहीत असं मी पहिल्यांदाच पाहिलं. सरकार खाली येऊन खांब धरणार नाही. मावशीला वाटतं ते धरेल.

तिला असं का वाटतं, ते तुम्हाला माहीत आहे. मी खाणीची साहेब आहे असं तुम्ही मुखरूला सांगितलंत, मुखरूने टोल्याला. माझे आकडे सरकारचे झाले ते तिथून. तुम्ही प्रेमाने सांगितलंत, मला ठाऊक आहे. पण सहा घरं आज त्या एका वाक्यावर बसलेली आहेत. मी येऊन कितीही सांगितलं तरी ते साहेबाचंच बोलणं होईल. ज्या तोंडाने मी साहेब झाले त्याच तोंडाने ते खोडावं लागेल.

२३ तारखेला बुद्धपौर्णिमा आहे. वंदनेला सगळे विहारासमोर जमतील, गुणवंतरावही असतील. तिथे उभे राहून सांगा की मित्रा साहेब नाही, नकाशे ट्रेस करणारी बाई आहे आणि तिलाही आता घरी बसवलं आहे. तिच्या खुणा सरकारच्या नव्हत्या. कोळसा माझ्या भट्टीवर गेला आणि खाली आता फार काही उरलेलं नाही. हे एवढं चारचौघांत बोलणं तुम्हाला किती जड जाईल याचा अंदाज मला आहे. तुमच्याऐवजी दुसरं कोणी बोलून चालत असतं तर मी तुम्हाला सांगितलं नसतं.

भट्टी मध्येच सोडावी लागली तर सोडा. कच्ची वीट पुढच्या साली पुन्हा थापता येते.

शाळेच्या हेडमास्तरांशी मी बोलले आहे. सुट्टी लागली आहे, दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत, किल्ली ते तुमच्याकडे देतील. बिरजूंच्या पुतण्याचा ट्रक रविवारी, २५ तारखेला मोकळा आहे. तुम्ही हलणार असाल तर मी ट्रक घेऊन सकाळी येते आणि सामान चढवायला थांबते. हलणार नसाल तरी मी येणार आहे. तेव्हा फक्त मावशीला घेऊन जाईन, ती बोलली तरी, रडली तरी. बाकीच्या पाच घरांना मी उचलून नेऊ शकत नाही.

ट्रक भरून न्यायचा की रिकामा, ते मला आधी कळायला हवं. दुसरं काही लिहू नका. सहा घरं हलणार की नाही, एवढंच एका चिठ्ठीवर लिहून शनिवार, २४ मेच्या दुपारच्या बसपर्यंत पाठवा.

मित्रा